साधी जाळी

धम्मरत्न रेल्वेच्या यार्डातून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याच्या छातीत कळ आली. मुलगी जागृतीनं कोसाडच्या घरून रिक्षा करून त्याला इस्पितळात नेलं. शेजारच्या खाटेवर लिंबायतचा छगन होता. कापडाचा लूम चालवता चालवता तो मशीनपाशीच खाली बसला होता. माणूस धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा.

दोघांच्याही हृदयाच्या नळीत ती उघडी ठेवणारी जाळी बसवली गेली, पण एकसारखी नाही. छगनच्या पोटात अल्सर होता आणि त्यातून एकदा रक्त गेलं होतं. औषध लावलेली जाळी बसवली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुष्कळ दिवस घ्याव्या लागतात. त्याच्या पोटाला त्या झेपल्या नसत्या. म्हणून त्याला साधी जाळी मिळाली, धम्मरत्नला औषधाची.

तिथल्या डॉक्टर दीप्ती यावर संशोधन करत होत्या. कोणत्या जाळीनंतर रक्तात मांस वाढवणारे घटक किती चढतात, हे त्यांना पाहायचं होतं. दोघंही तपासणीला आले की रक्त द्यायला हात पुढे करत, आणि मग बाहेर चहा पीत बसत. ओळखीची मैत्री झाली. रविवारी धम्मरत्न लिंबायतला जाई, छगनची बायको मालतीबाई त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे.

पावसाळा सरला आणि छगन जिन्यात थांबू लागला. चप्पल नीट करायचं निमित्त काढी, कपाळाचा घाम बाहीनं पुसून घेई. धम्मरत्ननं विचारलं तर म्हणाला, "मालतीले सांगू नको, भाऊ."

धम्मरत्ननं तरी तिला सांगितलंच. त्याच आठवड्यात छगनची पुन्हा तपासणी झाली. जाळी बसवलेल्या जागीच नळी अरुंद झाली होती.

"गोळ्या चुकवल्या नाहीत, बेन. तंबाखू सोडली. मग असं कसं झालं?" छगननं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर दीप्ती स्टूल ओढून बसल्या. "जाळी बसवताना नळीला आतून जखम होते, काका. ती भरायला शरीर आतलं मांस वाढवतं. औषधाची जाळी त्या वाढीला आवर घालते. साध्या जाळीत तसा आवर नसतो. तुमच्यात जखम भरताना वाढ जास्त झाली."

"म्हणजे मना जीव मले बरं कराले गया, आन् त्यानीच वाट बंद व्हयनी."

छगननं मान वळवून धम्मरत्नला विचारलं, "तुनी नळी बरी शे ना?"

धम्मरत्नची नळी साफ होती. रिपोर्ट सकाळीच आला होता. तो नुसताच "हो" म्हणाला आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पडला. नळाशी उभा राहिला तेव्हा आपण निरोगी आहोत याचीच त्याला लाज वाटत होती. तो तसाच घरी गेला आणि पुढचे काही दिवस फिरकलाच नाही. जागृतीनं विचारलं की गुडघा दुखतोय म्हणे.

बायपासच्या आदल्या दिवशी मालतीबाईंचा फोन आला. "भाऊ, ते ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, तुम्ही आल्याबिगर नाही."

तो गेला. छगनची दाढी वाढली होती, हाताला सुई होती.

"काब्र नही वना रे तू?"

"कोणत्या तोंडानं येऊ? माझी उघडी राहिली, तुझी..."

"मनी बंद व्हयनी, त्यामा तुना काय गुन्हा शे?" छगनचा आवाज चढला, मग खाली आला. "मले भ्याव वाटस, भाऊ. मालतीसमोर बोलता येत नही. तू बस."

धम्मरत्न खाटेच्या कडेला बसला. छगन बराच वेळ बोलत राहिला. गावाकडचं शेत, मुलगी योगिताच्या लग्नातली गर्दी, छातीची हाडं कापल्यावर पुन्हा जुळतील की नाही ही भीती. शेवटी त्यानंच सहीसाठी कागद मागितला.

ऑपरेशन लांबलं, पण छगन वाचला. लूमचं काम मात्र सुटलं. योगिता त्याला कामरेजला आपल्या घरी घेऊन गेली. आता लिंबायतच्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं.

धम्मरत्न महिन्यातून एकदा बसनं कामरेजला जातो. दोघं उसाच्या शेताच्या कडेनं हळूहळू चालतात. छगनला धाप लागली की तो थांबतो, आता कसलंही निमित्त न काढता, आणि धम्मरत्नही त्याच्यासोबत उभा राहतो.