एक्क्याण्णवावी फरशी

“पुन्हा एक उरतो!” हेडक्लार्कनी कागदावर काट मारली. “तीनने भागा, एक उरतो. पाचने भागा, एक. सहा, नऊ, दहा, एकच! हा एक्क्याण्णव आकडा आहे की डोक्याला ताप?”

कारखान्याच्या हॉलमध्ये सगळे इस्त्रीच्या कपड्यांत ताटकळले होते. दरवर्षीचा फोटो होता. मालकांचा हट्ट असा, की रांगा सारख्या हव्यात, एकही माणूस अधिक-उणा नको. फोटो कॅलेंडरवर छापला जायचा ना!

“सातने बघितलं का?” वरच्या गॅलरीतून फोटोग्राफरने विचारलं.

“सातने कसलं जातंय! सात दाहे सत्तर, संपला पाढा.” दहाच्या पुढचे पाढे हेडक्लार्कनी केव्हाच टेबलावरच्या हिशेबाच्या यंत्राच्या हवाली केले होते, आणि चारचौघांत यंत्र मागवायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं.

उरणारा एक कोण? सगळ्यांच्या नजरा बरोबर दाराकडे वळल्या. तिथे फरशी पुसणाऱ्या मावशी उभ्या होत्या.

एकतीस वर्षं मावशी या फोटोच्या वेळी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत आल्या होत्या. कॅलेंडर घरी नेलं की लेक विचारायची, “यात तू कुठे गं?” मावशी चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बोट ठेवायच्या. “ही काय, इथे!” दोघी हसायच्या, पण मावशींना ते बोट टोचायचं. उद्यापासून त्या निवृत्त होणार होत्या, म्हणून यंदा पहिल्यांदाच यादीत त्यांचं नाव घातलं होतं.

“मावशी, तुम्ही समजून घ्याल,” हेडक्लार्क हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आकड्यापुढे हात टेकले होते बिचाऱ्याने.

मावशींनी मान हलवली आणि त्या पिशव्यांकडे निघाल्या. खाली बघून चालायची जन्माची सवय. चालता चालता त्या थबकल्या. रोज सकाळी त्या हीच फरशी पुसत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तेरा, मग बादली पुढे. अशा सात ओळी झाल्या, की दार.

“साहेब,” मावशी मागे वळून म्हणाल्या. “एका फरशीवर एक माणूस उभं करा. तेरा आडव्या, सात उभ्या. सगळे मावतात.”

“कशावरून?”

“माझ्या गुडघ्यांना विचारा की!”

हेडक्लार्क पुटपुटले, “तेरा साते...” आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “एक्क्याण्णव! अहो, जातंय की सातने! अख्खं जातंय!”

असा हशा पिकला, की मालकांनाही तोंडावर रुमाल धरावा लागला. जो तो आपापल्या फरशीवर जाऊन उभा राहिला. दाराजवळची शेवटची फरशी मावशींच्या वाट्याला आली. त्यांनी पदर सारखा केला. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“एकही फरशी रिकामी नाही बघा,” वरून आवाज आला. “हसा आता!” मावशींना ते सांगावं लागलं नाही.

फोटो झाला, मंडळी पांगली. फरशीभर धुळीचे ठसे उमटले होते. मावशींनी बादली भरून आणली.

“आज राहू द्या हो,” हेडक्लार्क म्हणाले.

“छे! अशी टाकून जाऊ होय?”

एकेक करत नव्वद फरश्या त्यांनी लख्ख पुसल्या. दाराजवळच्या शेवटच्या फरशीवर त्यांच्याच चपलांचे दोन ठसे होते. मावशी जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फडकं पिळलं आणि बाहेर नेऊन वाळत घातलं.