भुरीचं शेपूट

नीरजा पुरती हादरली होती. झाशीकडच्या एरच गावाजवळ बेतवा नदीच्या घळींमध्ये ती वाट चुकली होती, बाटलीत थेंब उरला नव्हता आणि मे महिन्याची दुपार डोक्यावर होती. जिकडे वळावं तिकडे तीच मातीची भिंत.

चूक तिचीच. झाशीत इलाइट चौराह्यावरच्या ऑफिसात अर्धं आयुष्य काढलेली बाई सासऱ्यांच्या, गोपाळरावांच्या शेतावर राहायला आली, ती सगळं सुधारून टाकायलाच. आल्या आल्या बादलीभर दूध देणारी संकरित गाय आणली, गोरी. मामंजींची भुरी इथल्याच केनकथा जातीची, जेमतेम दोन लिटरची. तिला न्यायला आज संध्याकाळी गोशाळेची गाडी बोलावली होती. "राहू दे गं, ती इथली आहे," गोपाळराव म्हणाले होते. "दूध नको का द्यायला, मामंजी?" हिने फटकन विचारलं होतं. म्हातारा उठून भुरीला चारा घालायला गेला.

पीक निघालं की इकडे गाई मोकळ्या सोडतात, अन्ना म्हणतात त्याला. सगळे सोडतात म्हणून हिनेही सकाळी दोघींना सोडलं, गाडी यायच्या आत परततील या हिशेबाने. अहो, गोरीला पंख्याखाली उभं राहायची सवय. दुपारी हे डोक्यात आलं, तेव्हा ही खुरांच्या मागावर धावत सुटली.

गोरी सापडली ती घळीत आडवी, जीभ बाहेर, श्वास थांबलेला. आता आपलीही हीच गत होणार, असं नीरजाला वाटलं. मोबाइलला रेंज नव्हती. हाक मारायला गेली तर आवाज फुटेना. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

तेवढ्यात वर खडे घसरले. तरस असेल या भीतीने ती भिंतीला चिकटली. निघाली भुरी. बाभळीच्या शेंगा चघळत खाली उतरली, धापसुद्धा लागली नव्हती तिला. हिच्याकडे ढुंकूनही न बघता एका चिंचोळ्या फटीत वळली. नीरजाने झेप घेऊन तिचं शेपूट धरलं.

मेल्यावर वैतरणी ओलांडताना गाईचं शेपूट धरावं लागतं, असं आजी सांगायची. नेमकं तेच आठवलं. आपण जिवंत आहोत ना, हेच तिला कळेना.

भुरी थांबली ती खडकाखालच्या डबक्याशी. दोघी शेजारी शेजारी प्यायल्या. मग भुरीने घरची वाट धरली.

फाटकात गोशाळेची गाडी उभी होती. गोपाळराव काठी टेकत पुढे आले. "गोरी?" नीरजाने नकारार्थी मान हलवली.

"बहूजी, गइया चढ़ा दें?" ड्रायव्हरने दावं पुढे केलं.

भुरीचं शेपूट अजून नीरजाच्या हातातच होतं. तिने मूठ आणखी आवळली.

"भैया, गाड़ी वापस ले जाओ," गोपाळराव म्हणाले. मग तिच्या मुठीवर हात ठेवला. "आता सोड, पोरी. ती कुठे जात नाही."