मेहुण्याच्या हातचा दोर

बंदरात पाणबुड्याचा दोर मेहुण्याने धरायचा, असा जुना रिवाज होता. सख्खा भाऊ नको, भावाभावांत घराच्या भिंतीवरून बिनसतं. बाप नको, त्याचे हात थकलेले. बायकोचा भाऊ मात्र काही झालं तरी दोर सोडणार नाही, कारण घरी त्याची बहीण वाट बघत असते. तिच्या नवऱ्याला बुडवून हा कोणत्या तोंडाने तिच्या दारात उभा राहणार?

या पाणबुड्याचा दोरही त्याचा मेहुणाच धरायचा. चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडत चाललेला माणूस, पण थोरल्या बहिणीने लहानपणापासून ‘धाकटा’ म्हटलं म्हणून सगळं बंदर त्याला धाकटाच म्हणे. रोज सकाळी बोटीवर तो पाणबुड्याच्या पायांत शिशाचे बूट चढवी, छातीवर शिशाची वजनं बांधी आणि शेवटी डोक्यावर तांब्याचा टोप बसवून त्याचे नट आवळी. पाणबुड्या शिडीवरून खाली जाई. बोटीवर दोघे जण हवेचा पंप फिरवत राहत आणि धाकटा दोर हातात घेऊन कडेला बसे. वरून एक हिसका म्हणजे ‘ठीक?’ खालून एक हिसका म्हणजे ‘ठीक.’ एवढ्यावर सगळा कारभार चाले.

खाली काळोखच असे. गढूळ पाण्यात स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे. धक्क्याचे खांब, गाळात रुतलेले नांगर, कधी कुणाच्या हातून निसटलेली अख्खी सायकल, हे सगळं तो चाचपूनच ओळखायचा. आयुष्यभर ज्या बंदरात राबला, त्याचा तळ त्याने डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

मग एका वर्षी थंडी सरता सरता त्याच्या बायकोला ताप भरला, तो उतरलाच नाही. मूलबाळ नव्हतं. ती गेली आणि दोन खोल्यांच्या घरात पाणबुड्या एकटा उरला.

धक्क्यावरच्या हमालांच्या तोंडाला कधीच कुलूप नसतं. एकदा चहाच्या टपरीवर कुणीसं म्हणालं, “आता दोर सैल पडला तरी कुणाचं काय जातंय? बहीणच राहिली नाही.” सगळे हसले. पाणबुड्या तिथेच उभा होता. सगळे हसले म्हणून तोही हसला. पण दुसऱ्या दिवशी टोपाचे नट आवळले जात असताना त्याला ते बोलणं आठवलं, आणि त्यानंतर रोज आठवत राहिलं.

आठवायला कारणही होतं. तोवर धाकट्याने त्याच्याशी अबोला धरला होता.

झालं होतं असं. बायको जाऊन महिनाही उलटला नव्हता, तोच पाणबुड्याने तिचं सगळं सामान वाटून टाकलं. कपडे, शिवणयंत्र, भांडी, तिची उशीसुद्धा. त्यात एक शाल होती. ती धाकट्याच्या आईची. आईने मरताना लेकीच्या खांद्यावर टाकलेली. धाकटा एके संध्याकाळी ती मागायला आला, तर कपाट रिकामं.

“कुणाला दिलीत?” त्याने विचारलं.

“आठवत नाही.”

“आठवत नाही? माझ्या आईची शाल होती ती, दाजी! कापसाचा बोळा फेकावा तशी फेकलीत? माझ्या बहिणीला घरातून पुसून काढलंत तुम्ही.”

पाणबुड्याला बोलायची तशी सवयच नव्हती. घरातलं सगळं बोलणं ती बोलायची आणि हा हुंकार द्यायचा. धाकटा दार आपटून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो बोटीवर वेळेवर हजर होता. बूट चढवले, वजनं बांधली, नट आवळले, पण शब्द नाही. पुढचे दोन हिवाळे असेच गेले. एका बाकावर बसून दोघे दोन दिशांना तोंड करून भाकरतुकडा मोडत. पंपवाल्यांनाच मधे निरोप्यासारखं वागावं लागे: “दाजींना सांगा, भरती लागली.” “त्याला सांग, मला कळलंय.” काम बदलून मागायला मात्र दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

आणि संध्याकाळी पाणबुड्याला घर खायला उठे. तो दिवा न लावता बसून राही. काळोखाची त्याला सवय होती. सवय नव्हती ती एवढ्या शांततेची. खाली निदान टोपात हवेचा फुसफुसाट असे.

अशात बंदराच्या साहेबांनी नवं यंत्र मागवलं. टोपात बसवायचा टेलिफोन. दोराच्या पोटातून तार जाणार, वरचा माणूस बोलणार, खालच्याने टोपातल्या टोपात उत्तर द्यायचं. साहेब स्वतः बोटीवर आले, कौतुकाने सगळं समजावून गेले. ते गेल्यावर पंपवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टेलिफोन आला, आणि तोही या दोघांच्यात!

पहिल्या दिवशी टोपात आवाज आला, “ठीक?”

“ठीक,” पाणबुड्या म्हणाला.

दिवसभरात एवढंच. “लाखाचं यंत्र आणि त्यात दोन अक्षरं,” पंपवाले हसले. पण पाणबुड्या मात्र त्या एका शब्दाने हादरून गेला होता. समोरासमोर कधी जाणवलं नव्हतं. काळोखात, चेहरा दिसत नसताना, कानाशी आलेला तो आवाज तिच्या वळणाचा होता. शब्दाचं शेपूट किंचित ओढायची तीच लकब. तिचा आवाज पुरुषाच्या गळ्यात घातला, तर असाच लागेल.

तेव्हापासून त्याला वर यायची घाई राहिली नाही. काम उरकलं तरी तो उगाच एखाद्या खांबाला धरून उभा राही. “भरती लागली का?” असं माहीत असूनही विचारी. “अजून नाही,” वरून उत्तर येई. तेवढं ऐकून तो आणखी थोडा वेळ काढी.

अपघात झाला तो एका सकाळी. दगडांनी भरलेला एक पडाव, माल वाहायची मोठी होडी, धक्क्यालगत बुडाला होता. वर ओढण्यासाठी त्याच्या पोटाखालून साखळी घालायची होती. पाणबुड्या गाळात गुडघे टेकून साखळी सरकवत होता. तेवढ्यात गाळ दबला आणि अख्खा पडाव हातभर खाली बसला. पाणबुड्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत त्याच्याखाली गेला. तो ओरडला. टोपात स्वतःचीच किंकाळी त्याच्या कानांत घुमली.

“दाजी!” वरून आवाज आला. दोन हिवाळ्यांत प्रथमच ती हाक आली होती. “दाजी, काय झालं?”

“पाय अडकला. पडाव बसला खाली.”

“हवा येतेय?”

“येतेय.”

“हलू नका. अजिबात ओढाताण करू नका. पलीकडच्या गोदीतून दुसऱ्या पाणबुड्याला आणायला लाँच सोडतोय. वेळ लागेल, पण येईल.”

मग तार गप्प झाली. पायातली कळ हळूहळू बधिर होत गेली आणि थंडी वर चढू लागली. पाणबुड्याला टपरीवरचं ते बोलणं आठवलं. आता दोर सैल पडला तरी कुणाचं काय जातंय?

“धाकट्या, आहेस ना?”

“आहे. जातोय कुठे?”

“बोलत राहा काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. शिव्या दे हवं तर.”

“शिव्या द्यायला बसलो तर आजचा दिवस पुरायचा नाही.”

पंपवाल्यांनी माना खाली घातल्या आणि ते नेटाने पंप फिरवत राहिले. थोड्या वेळाने धाकटाच म्हणाला, “शाल कुणाला दिलीत?”

“खरंच आठवत नाही रे. दार उघडून उभा राहिलो आणि जो समोरून गेला त्याच्या हातात देत सुटलो.”

“पण का?”

“वास येत होता.”

“कसला?”

“तिचा. घरात शिरलं की वाटायचं, आतल्या खोलीतच आहे. मी हाक मारायचो. वेड्यासारखा रोज मारायचो. मग म्हटलं, सगळं काढून टाकावं, म्हणजे हाक मारायचं थांबेल.”

“थांबलं?”

“नाही.”

“मला का नाही सांगितलंत तेव्हा?”

“का दिली ते तू विचारलंस कुठे? तू ओरडलास.”

“हो,” धाकटा म्हणाला. “ओरडलो खरा.” मग घसा खाकरून म्हणाला, “तुम्हाला एक माहीत नसेल. ताईला पाण्याची भारी भीती. लहानपणी विहिरीत डोकावायचीसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून एकदा तरी धक्क्यावर आली का ती?”

“नाही. मला वाटायचं, तिला मासळीचा वास सोसत नाही.”

“कसला वास! मी संध्याकाळी तुमच्या घरावरून जायचो ना, ती खिडकीत उभी असायची. तुम्ही आत हातपाय धूत असायचात. मला हळूच विचारायची, ‘आज दोर नीट धरला होतास ना?’ रोज. एक दिवस चुकला नाही.”

पाणबुड्याला खिडकी आठवली, तिची पाठ आठवली. तो घरी आला की ती नुसतं म्हणायची, “आलात? जेवण गरम करते.” एवढ्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर कधी काही दिसलं नव्हतं. की त्यानेच पाहिलं नव्हतं?

“मला कधी बोलली नाही,” तो म्हणाला.

“तुम्हाला कशाला बोलेल? भीती लागणीची असते म्हणायची. तुम्ही घाबरलात तर पाण्यात चूक कराल.”

टोपाच्या काचेवर आतून वाफ धरली होती. डोळे पुसायला हात नेता येत नव्हता, मधे तांबं होतं. त्याने ते तसेच वाहू दिले.

“धाकट्या, ती गेल्यावर तू दुसऱ्याचा दोर का नाही धरलास?”

“राग तुमच्यावर होता, दाजी. दोरावर नव्हता.”

दुसरा पाणबुड्या आला तोवर याचे दात वाजायचे थांबले होते आणि जीभ जड झाली होती. तरी धाकटा त्याला झोपू देत नव्हता, काहीबाही विचारून बोलतं ठेवत होता. पहारी लावून, गाळ उपसून शेवटी पाय सुटला. वर आणल्यावर धाकट्याने टोपाचे नट सोडवले. दोघांची तोंडं समोरासमोर आली. पंपवाले श्वास रोखून बघत होते. धाकटा म्हणाला, “घोंगडी आणा कुणीतरी,” आणि बाजूला झाला.

पाय वाचला, पण आखडला. डॉक्टरांनी पाण्यात उतरायची साफ मनाई केली. बंदराने त्याला दोरखंडांच्या कोठारात बसवलं, तुटलेले दोर सांधायला. धाकटा आता दुसऱ्या कुणाचा दोर धरू लागला.

पाणबुड्या इस्पितळात होता तोवर धाकटा येऊन जायचा. खुर्चीच्या काठावर बसून हवापाण्याच्या गोष्टी करायचा. नवा पंप बरा आहे, गाळ फार साचलाय. तारेवर बोललेलं उजेडात कुणालाच उचलता येईना. पुढे पाणबुड्या घरी आल्यावर तेही येणं विरळ झालं. कोठाराच्या दारातून त्याला ती बोट दिसे, बोटीच्या कडेला बसलेली धाकट्याची पाठ दिसे. तिथून हाक ऐकू जाणार नाही, एवढं ते अंतर होतं. संध्याकाळी तो घरी जाऊन दिवा लावी आणि भिंतीकडे बघत जेवी.

एका सुट्टीच्या दिवशी मात्र त्याने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि काठी टेकत निघाला. धाकट्याचं घर टेकडीच्या पलीकडे. लग्नानंतर तो तिथे दोन-चारदाच गेला असेल, तेही तिच्यासोबत, तिच्या मागे मागे. चढावर पाय ठणकला. मधे एका दगडावर बसून त्याने दम घेतला आणि परत फिरावं का, असाही विचार केला.

पोचला तर दाराला कुलूप. तो पायरीवर बसला. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. तिने त्याला खालीवर न्याहाळलं. “ते सगळे बाजारात गेलेत. तुम्ही कोण त्यांचे?”

“मी त्याचा दाजी,” तो म्हणाला.

“अगंबाई! पण त्यांची बहीण तर...”

“हो,” तो म्हणाला. “ती नाही.”

बाई ओशाळून आत गेली आणि तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो प्याला आणि बसून राहिला. ऊन पायरीवरून सरकत भिंतीवर गेलं. रस्त्याने माणसं येत होती, जात होती. प्रत्येक वेळी तो मान उंचावून बघे.

शेवटी वळणावर धाकटा दिसला. हातात पिशव्या, मागे त्याची बायको. पायरीवर कोण बसलंय हे बघून तो जागच्या जागी थबकला, मग भराभर पावलं टाकत आला. पिशव्या खाली ठेवून खिशात किल्ली शोधू लागला. किल्ली लवकर सापडेना.

“दाजी, कधीपासून बसलात?”

“आत्ताच आलो,” पाणबुड्या म्हणाला, आणि काठी भिंतीला टेकवून उठायची धडपड करू लागला.