पायी आलेली माणसं

सुहैरच्या उजव्या मनगटाने एका हिवाळ्यात संपच पुकारला. जॉर्डनमधल्या अम्मानला, 'दुसरं सर्कल' म्हणतात त्या चौकापाशी, चपलांच्या दुकानावरच्या भाषांतर कार्यालयात बसून अठरा वर्षं ती लोकांची गाऱ्हाणी अरबीतून इंग्रजीत नेत होती. आता माऊस नुसता धरला तरी कोपरापर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला नि म्हणाले, "माऊस सोडा. नाहीतर पुढच्या वर्षी मी सुरी घेऊन बसेन."

नोकरी सोडण्यासारखी नव्हती, घरी आई अंथरुणाला खिळलेली. म्हणून तिने माऊसच सोडला. कुणीतरी सांगितलेला एक छोटासा प्रोग्राम तिने कॉम्प्युटरवर चढवला. दोन कळा एकदम दाबल्या की पडद्याच्या मधोमध एक रिकामी पट्टी उघडायची. तिच्यात दोन-तीन अक्षरं टाइप करायची, की हवी ती फाइल, हवा तो शब्दकोश, हवा तो कोरा अर्ज समोर हजर. पहिला आठवडा ती चाचपडली. दुसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप जाऊ लागली. महिन्याभरात माऊस ड्रॉवरमध्ये गेला आणि कळही थांबली.

मग तिला त्या पट्टीची दुसरी करामत सापडली. नेहमी लागणारा मजकूर एखाद्या खुणेच्या शब्दाखाली साठवून ठेवता यायचा. खूण टाइप केली की अख्खा परिच्छेद उमटायचा. त्या वर्षी एका दूतावासाने सुदानी निर्वासितांचे आपल्या देशात येण्यासाठीचे अर्ज घ्यायला सुरुवात केली होती आणि जिन्यावर सुदानमधल्या दारफुरच्या माणसांची रांग लागत होती. हकिगतीही एकमेकींसारख्या. सुहैरने खुणा केल्या: 'तुरुंग', 'सीमा', 'छावणी', 'गाव'. दिवसाला पाच अर्ज व्हायचे ते अकरा होऊ लागले.

कार्यालयाचा मालक अबू मुन्जिर तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघायचा. "सुहैर, तू बाई आहेस की छापखाना?" असं म्हणायचा नि खूश होऊन मरमिय्याची सुगंधी पानं घातलेला चहा मागवायचा. दोन महिन्यांनी त्याने शेजारच्या टेबलावरच्या फिर्यालबाईंना घरी बसवलं. एकीने भागतंय तर दोघी कशाला? फिर्यालबाई जाताना सुहैरशी बोलल्या नाहीत. सुहैरला वाईट वाटलं, पण जिन्यावर माणसं उभी होती.

कलतूमा आली ती वसंतातल्या एका गुरुवारी, दुपारी. तिशीची, उंच, हातांना ब्लीचचा वास. लोकांच्या घरी फरश्या पुसायची. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि सावकाश बोलू लागली.

"ते पहाटे आले. पायी आले. गुरं हलली म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. मी विहिरीवर होते. पुढे होता तो हामिद, पलीकडच्या वस्तीतला. त्याच्या बायकोचं बाळंतपण माझ्या आईने केलेलं. आईने त्याला नावाने हाक मारली. पहिली तीच मेली."

सुहैरच्या बोटांनी तोवर 'गाव' टाइप केलं होतं. पडद्यावर मजकूर उमटला: शस्त्रधारी लोक गाड्यांवरून आणि उंटांवरून आले, गोळीबार करत त्यांनी घरे पेटवली, अर्जदार हल्लेखोरांना ओळखत नाही. हामिदचं नाव तिने ऐकलं होतं. 'हे मागाहून बदलू,' असं तिच्या मनातही आलं. एवढ्यात घरून शेजारणीचा फोन आला, सुहैरची आई पलंगावरून घसरली होती. तिने फोन ठेवला तेव्हा कलतूमा बोलत बोलत छावणीपर्यंत पोचली होती.

पूर्वी सुहैर प्रत्येक अर्ज सहीआधी अरबीत वाचून दाखवायची. अकरा अर्जांच्या दिवसात ते कधी बंद पडलं, तिलाही आठवत नव्हतं. कलतूमाने दाखवलेल्या जागी अंगठा उमटवला आणि म्हणाली, "अल्ला तुझे हात शाबूत ठेवो, बहिणी."

शरद ऋतूत ती दूतावासाचं पाकीट घेऊन परत आली. फोडलं होतं, पण वाचता येत नव्हतं. "काय म्हणतात?" तिने विचारलं.

सुहैरने पहिली ओळ वाचली आणि पुढची वाचताना तिचा आवाज खाली गेला. अर्ज नामंजूर. मुलाखतीत अर्जदाराने हल्लेखोर पायी आले आणि एकाला ती ओळखत होती असं सांगितलं. लेखी अर्जात याच्या नेमकं उलट आहे. शिवाय लेखी हकिगत इतर अर्जदारांच्या हकिगतींशी शब्दशः जुळते. सबब ती विश्वासार्ह मानता येत नाही.

"पण मी पायीच म्हटलं होतं," कलतूमा म्हणाली. "इथेच बसून म्हटलं होतं."

"हो. तुम्ही पायीच म्हणालात."

"मग गाड्या कुणी आणल्या?"

सुहैरला खोटं बोलता आलं असतं. दूतावासाचा घोटाळा आहे म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. "मी," ती म्हणाली. "माझ्याकडे तयार मजकूर असतो. कळ दाबली की येतो. तुमचा मी बदलणार होते, बदलला नाही."

कलतूमाने रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. "माझ्या आईचं मरण मी नीट सांगितलं होतं ना? तेवढंच सांग."

"नीट सांगितलं होतंत."

"मग तेव्हा तू कुठे होतीस?"

अपिलाला तीस दिवस होते. सुहैर तडक अबू मुन्जिरकडे गेली आणि म्हणाली, चूक माझी आहे असं पत्र लिहिते, त्यावर कार्यालयाचा शिक्का हवा.

अबू मुन्जिरने जिन्याकडचं दार लोटून घेतलं. "हा मजकूर किती जणांच्या अर्जात आहे?"

तिने आपल्या कॉम्प्युटरवर पट्टी उघडून तेच वाक्य शोधलं. यादी खाली खाली जातच राहिली. एकतीस.

"त्यातले मंजूर किती?"

"बारा."

"म्हणजे तू एकीला बाहेर काढायला जाणार आणि बारा जणांना बुडवणार. शिक्का मारला की ते सगळ्या फायली उघडतील. अक्कल आहे ना तुला?"

तिला वाटलं, हा आपलं दुकान वाचवतोय. वाचवत होताच. पण त्या संध्याकाळी तिने बारातल्या एकाला, अबकर नावाच्या गवंड्याला, फोन केला.

"सुहैरबाई," अबकर म्हणाला, "पुढच्या सोमवारी आमचं विमान आहे. चार पोरं आहेत माझी. तुमच्या अर्जात काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. तुमच्या पाया पडतो, तोंड उघडू नका."

दोन दिवस तिने पत्र लिहिलं आणि खोडलं. शेवटी गेलं त्यात एवढंच होतं की कलतूमाच्या अर्जात भाषांतरकाराकडून चुकीचा मजकूर पडला, आणि तिची मूळ हकिगत सोबत जोडली आहे. ती हकिगत सुहैरने कलतूमाला पुन्हा बसवून घेतली, एकेक वाक्य हाताने टाइप केलं, वाचून दाखवलं. विहीर, गुरं, हामिद, सगळं. तयार मजकुराबद्दल, बाकीच्या तिसांबद्दल तिने अवाक्षर लिहिलं नाही. शिक्का नव्हता, खाली नुसती तिची सही.

काही महिन्यांनी उत्तर आलं, तीन ओळींचं. पत्रावर अधिकृत शिक्का नाही, हकिगतींमधल्या साम्याचा खुलासा केलेला नाही, निर्णय कायम.

त्या साम्याचा खुलासा तिला करता आला असता. ती ओळ तिने कितीदा वाचली याला गणती नाही.

कलतूमाचा फोन लागेना म्हणून ती शुक्रवारी तिची खोली शोधत गेली. टेकडीच्या उतारावर, पायऱ्यांच्या शेवटी, तळघरात सहाजणी राहत होत्या. दार उघडलं ते एका वयस्कर बाईने.

"कलतूमा? ती इजिप्तला गेली. तिथून पुढे समुद्राने जायचं म्हणत होती."

"कधी?"

"सात आठवडे झाले. जायच्या आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या चादरी धुऊन गेली." बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोचली की फोन करते म्हणाली होती. तू कोण तिची?"

"मी तिचा अर्ज लिहिला होता."

आतल्या भिंतीवर पेन्सिलीने नंबर लिहिलेले होते, कुणाकुणाचे, कुठकुठल्या देशांतले. सुहैरने पेन्सिल मागितली आणि सगळ्यात खाली आपला नंबर लिहिला. तिची खबर आली तर कळवा, एवढं म्हणून ती पायऱ्या चढू लागली.

कार्यालयात ती अजून आहे. 'गाव' ही खूण तिने काढून टाकली, बाकीच्याही एकेक करून काढल्या. आता दिवसाला पाच अर्ज होतात, कधी चारच. अबू मुन्जिरने फिर्यालबाईंच्या रिकाम्या टेबलावर नवी मुलगी आणून बसवली आहे, तिचे बारा होतात. येत्या उन्हाळ्यात दोघींपैकी एकच राहणार, हे सुहैरला कुणी सांगायला नको.

तळघरातून अजून फोन आलेला नाही.