माझ्या दात्यांतला मिठाचा कण

मित्रांनो, मी एक जुना पितळी माथा आहे. माझ्याखाली तीन लाकडी पाय असत आणि वर कॅमेरा. माझ्या पोटात दातेरी चाके आहेत, बाजूला छोटीशी मूठ. मूठ फिरवली की कॅमेरा केसभर वळतो, आणि सोडली की तिथेच थांबतो. घाई म्हणून माझ्या अंगात नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली गोष्ट. कल्याणच्या शाळेतल्या अण्णा मास्तरांना फोटोचे वेड होते. त्यांनी मुंबईहून दूरचे जवळ आणणारे हातभर लांब भिंग आणले. ते पेलायला मात्र गोळ्यावर कसाही फिरणारा एक हलका माथा घेतला. तो देखणा होता, एवढे मी मान्य करतो.

दिवा गावाजवळ खाडीकाठी राघो मीठ पिकवायचा. त्याची लेक गोदा माघात लग्न होऊन दूर जाणार होती. तिला बापाचा फोटो सोबत हवा होता, तोही मिठागरात काम करतानाचा. पण राघोच्या घरची रीत अशी, की पहिल्या राशीपुढे नारळ फुटेपर्यंत परक्या माणसाने बांधावर पाय ठेवायचा नाही. नारळ फुटणार होता फाल्गुनात. मग अण्णांनी खाडीच्या अलीकडूनच फोटो काढायचे ठरवले.

काढला, तर कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर नुसते पाणी उमटले. स्क्रू आवळून हात काढला की तो देखणा माथा भिंगाच्या भाराने मान टाकायचा, आणि एवढ्या लांबून जराशी मान कलली तरी अख्खा माणूस निसटतो. गोदा रडवेली झाली. अण्णांनी तो माथा दुकानात परत केला आणि मला आणले. त्यांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनी, मला उचलून विचारले, की हा फोटोसाठी आणलाय की चटणी वाटायला. मला राग आला होता. अजून थोडा आहे.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही काठावर उभे राहिलो. पलीकडे मिठाच्या वाफ्यांत आभाळ उतरून निजले होते, आणि त्या आभाळातून राघो फावडे घेऊन चालत होता. अण्णा मूठ फिरवत, मी त्याच्यामागे हळूहळू वळत होतो. पण तो थांबेचना, आणि हलता माणूस काचेवर धुरकट येतो. तेवढ्यात गोदा बांधावरून त्याच्यासमोर गेली आणि काहीतरी बोलली. राघो फावड्यावर रेलून तिच्याकडे बघत राहिला. मी श्वास घेतला नाही. एरवीही घेत नाही, पण तेव्हा मुद्दाम घेतला नाही.

गोदा होडीतून अलीकडे आल्यावर अण्णांनी तिला विचारले, बापाला काय सांगितलेस?

"बा, जरा उबा ऱ्हा, मना बगू दे. येवडाच."

बोलता बोलता तिने माझी मूठ कुरवाळली. तिच्या हाताला वाफ्यातले मीठ होते. त्यातला एक कण माझ्या दात्यांत राहिला.

फोटो गोदाबरोबर सासरी गेला. फाल्गुनातला नारळ मात्र राघोच्या हातून फुटला नाही. त्याआधीच तो तापाने गेला.

पुढे अण्णा थकले आणि मी फडताळात गेलो. अंगावर हिरवा गंज चढला. बऱ्याच वर्षांनी गोदा भेटायला आली. तिने माझी मूठ फिरवली, तर एका जागी कुरकुर वाजली. मंदाकिनीबाई तेल नि चिंधी घेऊन तो कण काढायला बसल्या. गोदाने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, बाई. बाच्या हातचा हाय."

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखे काही हाती आले तर जरूर पुसा, दोन थेंब तेल द्या. फक्त आधी घरात कुणाला तरी विचारा, कुठे पुसायचे नाही ते.