दहाच्या नोटेवरचं गलबत

मित्रांनो, मी दहा रुपयांची एक जुनी नोट आहे आणि आज माझा आनंद गगनात मावत नाही!

नाशिकच्या छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पाठीवर शिडाचं गलबत आहे. त्या गलबतापायीच वेसावे कोळीवाड्यातल्या अनंताने मला खर्चलं नाही, देव्हाऱ्यात ठेवलं. तो गेल्यावरही त्याची बायको अंजनाबाई दर नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली की माझ्या गलबतालाही हळद-कुंकू लावायची. घरात माझा असा थाट होता. पण बाहेर मला कोण विचारणार, असं मनात यायचं.

यंदा ऐन हंगामात तिच्या नातवाचं, निमेशचं, जाळं खडकात अडकून फाटलं. होडी किनाऱ्यालाच पडून राहिली. तेव्हा त्याच्या बायकोला, हेमांगीला, माझी आठवण झाली. बोरिवलीत जुन्या नोटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे नोटा विकतही घेत. मला नटवून न्यावं म्हणून तिने साबणाच्या पाण्याची परात पुढे ओढली, इस्त्रीही तापत ठेवली. माझी तर बोबडीच वळली!

"अगो, थांब!" निमेश ओरडला. "त्या ताई फोनवर बोलल्या ना, हाय तशीच आणा म्हणून!"

प्रदर्शनात अंजनाबाईसमोरच त्या ताईंनी, म्हणजे नोटांच्या जाणकार जान्हवीताईंनी, मला अलगद चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरलं. कागदात दडलेले सिंह दिसले. मग सही पाहिली, क्रमांक पाहिला.

"अस्सल आहे! आणि ही सही फार कमी नोटांवर सापडते," त्या जवळजवळ ओरडल्याच. मी नुसती फुलून गेले. मग त्यांनी मला उलटं केलं. "आजी, कुंकवाने निम्मी किंमत गेली हो. पण धुतली असती, तर सगळीच गेली असती."

"वाट लागली ना!" हेमांगी पुटपुटली.

अंजनाबाईने एकच विचारलं, "यात नवं जालं येल का?"

"येईल, आजी. दोरासकट!"

"मग ठेव पोरी. जप हिला."

म्हणून सांगते मित्रांनो, घरात जुनी नोट सापडली तर तिला धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. आधी जाणकाराला दाखवा.

अंजनाबाई जाताना मागे वळून बघायलाही थांबली नाही. जाळ्यांचं दुकान बंद व्हायच्या आत तिला वेसावं गाठायचं होतं. खरं सांगू? माझ्यामुळे निमेशची होडी पुन्हा दर्यावर जाणार होती; इतका मान मला देव्हाऱ्यातही मिळाला नव्हता.