बरं झालं, माझं तोंड बुजवलं

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे आणि आता रीतसर मेलेली आहे. रीतसर म्हणजे सरकारी शिक्क्यानिशी. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा रडतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, बंद पडलेलं घड्याळ तर हुंदके देतं. मला रडायचं नाही. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता, तो मी घेतला, आणि तो तुम्हाला चवीचवीने सांगायचा आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. कारागिराने तो इतका घासला की त्यात त्याला स्वतःचं नाक दिसू लागलं, तेव्हा कुठे थांबला. माझे पहिले मालक एका मोठ्या फळबागेचे व्यवस्थापक होते. बागेत रानडुकरं शिरली की ते मला घेऊन निघायचे आणि बहुतेक वेळा आभाळातच बार काढायचे. डुकरं पळायची, झाडं वाचायची. घरी आल्यावर ते मला मधोमध मोडून उघडायचे, नळ्या पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि मगच स्वतःचे पाय धुवायचे. त्यांच्याकडे माझं येणं काही नाही आणि देणंही काही नाही. चोख व्यवहार.

त्यांना दोन मुलगे. थोरल्याला माझ्यात रस नव्हता. लग्न होऊन काही वर्षांतच तो आजारपणात गेला. मागे राहिली त्याची बायको. तिला घरात सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणेन. वडिलांच्या माघारी माझा परवाना धाकट्याच्या नावावर झाला, आणि माझ्या वनवासाला सुरुवात झाली.

धाकट्याचं फरशीचं दुकान. दुकानातली माणसं पाठीमागे त्याला 'कर्नल' म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच, की एकदा जवानांच्या क्वार्टरना त्याने न्हाणीघराच्या फरश्या पुरवल्या होत्या. त्यातल्याही निम्म्या परत आल्या. या कर्नलने आयुष्यात एकदाच माझा चाप ओढला, तोही डोळे घट्ट मिटून. नंतर तो इतका वेळ कान चोळत बसला की बायकोने त्याला डॉक्टरकडे नेण्याची भाषा सुरू केली.

मग मला ठेवलं कशाला? तेच सांगते.

घर दोघा भावांचं होतं, म्हणजे निम्मं वहिनींचं. वहिनी पडदे शिवत. त्यांची खोली मागच्या अंगाला, त्यामुळे गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरातून, उकळत्या भांड्यांना वळसा घालून जावं लागे. दोन गिऱ्हाइकं एकदम आली की एकाला दारातच उभं राहावं लागे. त्यांचं मागणं साधं होतं: रस्त्याकडची पुढची खोली माझ्या वाटणीला द्या. कर्नलला त्या खोलीत फरश्यांचे खोके रचायचे होते. वहिनींनी विषय काढला की कर्नल 'नाही' म्हणत नसे. तो उठायचा, जेवणाच्या टेबलासमोरच्या खुंट्यांवरून मला काढायचा आणि म्हणायचा, "बोला वहिनी, मी ऐकतोय. हात मोकळे आहेत तोवर हिला जरा पुसून घेतो."

टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. खट्‌ करून मला उघडायचं. मग एक डोळा मिटून, मळ बघायच्या निमित्ताने, माझ्या नळ्यांतून समोर बसलेल्या वहिनींकडे टक लावून बघायचं. तोंडाने अगदी गोड. "अहो, बोला ना. थांबलात का?"

वहिनी थांबायच्याच. कोणीही थांबलं असतं. कर्नलची बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून धुतलेलं भांडंच पुन्हा धुवायची. आत काडतूस नाही हे मला ठाऊक होतं, पण मला बोलता येत नव्हतं. डुकरांवरसुद्धा क्वचितच नेम धरलेल्या माझ्या नळ्या त्याने एका विधवेच्या कपाळासमोर धरल्या. आणि तेल कुठलं वापरायचा म्हणाल, तर स्वतःच्या डोक्याला लावायचं! त्या चिकट तेलाने माझ्या नळ्यांना आतून गंज धरला. मी एकेक अपमान त्याच्या नावे मांडून ठेवत गेले. वसुलीची वाट मात्र सापडत नव्हती.

ती वाट त्यानेच करून दिली. दुकानाची नळजोडणी लांबली म्हणून तो पाणी खात्याच्या कचेरीत गेला आणि तिथल्या कारकुनाला म्हणाला, "घरी दुनळी आहे माझ्या, एवढं ध्यानात ठेवा." घरी खपायचं ते सगळीकडे खपेल असं त्याला वाटलं. कारकून हसला, खाली बसला आणि त्याने सरळ पोलिसांत तक्रार लिहून पाठवली. चौकशी झाली, कचेरीतल्या सगळ्यांनी साक्ष दिली, आणि एका सकाळी हवालदार दुकानात हुकूम घेऊन आला.

"परवाना रद्द झाला तुमचा," हवालदार म्हणाला. "एक तर बंदूक ठाण्यात जमा करा, नाहीतर मान्यताप्राप्त कारागिराकडून कायमची निकामी करून घ्या आणि दाखला आणून दाखवा."

"निकामी केली तर घरी ठेवता येते?" कर्नलचे डोळे चमकले.

"शोभेला ठेवा की. फुलं खोचा तिच्यात."

जमा केली असती तर कटकट मिटली असती. पण कर्नलकडे वहिनींच्या मागण्याला दुसरं उत्तरच नव्हतं. मी गेले तर त्याला तोंडाने भांडावं लागलं असतं, आणि तोंडाच्या भांडणात वहिनी त्याला दोन वाक्यांत गुंडाळून ठेवतील हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने घरी हुकुमाची गोष्ट काढलीच नाही. "सर्व्हिसिंगला नेतोय," एवढंच बायकोला सांगितलं आणि मला चादरीत गुंडाळून कारागिराकडे आणलं.

कारागीर जाडजूड, बोलका. त्याने मला उघडून बघितलं आणि नाक मुरडलं. "साहेब, हिला काय डोक्याची मालिश करत होता काय?"

"ते जाऊ द्या. बाहेरून कुणाला काही कळता कामा नये. दिसायला होती तश्शी दिसली पाहिजे."

"दिसायला तशीच राहील. पण एक ऐकून ठेवा..."

तेवढ्यात कर्नलचा फोन वाजला. फरश्यांची गाडी कुठे तरी अडकली होती. तो फोनवर खेकसू लागला आणि कारागीर त्याच्या दुसऱ्या कानाला समजावू लागला, "नळ्यांत गज घालून आतून जोडतो. सांधाही जोडून टाकतो, म्हणजे ही आता कधी उघडणार नाही. उघडायचा खटका दाबून जोर करायला जाऊ नका. ऐकताय ना?"

"हो हो, तसंच करा," कर्नल म्हणाला. फोनवरच्या माणसाला म्हणाला की कारागिराला, देव जाणे.

मित्रांनो, त्या दिवशी मला मारलं. ठिणग्या उडाल्या, नळ्यांत गज बसला, सांधा कायमचा मिटला. दुखलं का? दुखलं. पण कारागिराचं ते बोलणं मी अक्षरन्‌अक्षर ऐकलं होतं, आणि कर्नलने त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. मरता मरता मला हसू येत होतं.

दाखला ठाण्यात दाखवून झाला आणि मी परत खुंट्यांवर आले. घरात कुणाला पत्ता नाही. वहिनींनी मात्र यावेळी ठरवलं होतं. त्यांनी कर्नलच्या मामांना मध्यस्थ म्हणून बोलावलं. मामा येऊन टेबलाच्या टोकाशी बसले. कर्नलची बायको चहा घेऊन आली.

"हे बघा भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "पुढची खोली मला हवी. आज मामांसमोर काय ते हो किंवा नाही सांगा."

"बोला ना, मी ऐकतोय," म्हणत कर्नल उठला. मामांसमोर तर त्याला आणखीच चेव आला. मला काढलं, वर्तमानपत्र पसरलं, फडकं काढलं आणि ऐटीत खटक्यावर अंगठा दाबला.

मी उघडले नाही.

त्याने पुन्हा दाबला. अंगठा पांढरा पडला. "जरा घट्ट बसलीय," तो म्हणाला.

"आत्ताच सर्व्हिसिंग झालं ना, अहो?" बायकोने विचारलं.

"म्हणूनच घट्ट आहे! नव्यासारखी झालीय!"

त्याने मला गुडघ्यावर धरून वाकवायला घेतलं. त्याच्या कपाळावर घाम आला, खुर्ची करकरली, चहा सांडला. मी ढिम्म. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी गप्प बसले नव्हते.

"अरे, बरणीचं झाकण आहे का ते?" मामा म्हणाले. "गरम पाण्यात धर थोडा वेळ."

धडपडीत माझं तोंड वहिनींकडे वळलं. त्या एरवी मान वळवायच्या. या वेळी त्या वाकून बघू लागल्या. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्या नळीत घातली. पेन्सिल टोकाशीच अडली. दुसऱ्या नळीत घातली. तीही अडली.

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हिचं तोंड बुजवलंय."

कर्नलचा चेहरा न भाजलेल्या फरशीसारखा झाला. मामांनी दरडावून विचारलं तेव्हा परवाना, कारकून, हवालदार, सगळं एकेक करून बाहेर आलं. सगळं ऐकून पहिलं हसू फुटलं ते वहिनींना नाही. ओट्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे इतके दिवस मी पाठ करून उभी राहत होते, ती या दांडक्यासाठी?" ती म्हणाली. "आत काडतूस तरी असायचं का हो कधी?"

कर्नलने फडकं खिशात कोंबलं. बायको मामांकडे वळली.

"मामा, पुढची खोली वहिनींची. लिहा. हे सही करतील."

त्याने सही केली. पहिली सांडलेल्या चहात भिजली, म्हणून मामांनी त्याला ती दुसऱ्यांदा करायला लावली.

त्याला मला माळ्यावर टाकायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "कशाला? शोभेची वस्तू आहे, राहू दे शोभेला." त्यामुळे तो रोज माझ्यासमोर बसून जेवतो. त्याची बायको माझ्या दस्त्यावर तिची पिशवी अडकवते, नळ्यांवर ओला रुमाल. दुकानात आता त्याला कर्नलही म्हणत नाहीत.

तर मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू हात जोडून सांगतात की आमची निगा राखा. मी वेगळं मागते. तुमच्या भांडणात तुम्ही स्वतः जा, आम्हाला पुढे करू नका. ज्याला बोलायचं आहे त्याने तोंडाने बोलावं, आणि तुमच्यासमोर कुणी काही पुसायला काढलं तर तुम्ही मधेच थांबू नका, बोलणं पूर्ण करा.

परवा कर्नल आजारी पडला तेव्हा वहिनींनीच त्याला पेज करून दिली. तो म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी, गरम आहे तोवर प्या." माणसांना एकाच टेबलावर जेवायचं असतं, म्हणून त्यांना माफ करावं लागतं. मला जेवायचं नसतं.